आळस की आजार?

झोप हा आपल्या समाजात आरोग्याचा विषय फारसा मानला जात नाही. तो शीलाचा विषय मानला जातो. अर्जुनाला ‘गुडाकेश’, म्हणजे निद्रेवर विजय मिळवणारा, असे गौरवाने म्हटले गेले आणि कुंभकर्णाचे नाव वर्गात डुलक्या घेणाऱ्या मुलासाठी व कचेरीत पेंगणाऱ्या कारकुनासाठी राखून ठेवले गेले. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या अठराव्या दशकात निद्रानिरूपणाचा एक स्वतंत्र समासच लिहिला असून झोपेच्या आहारी गेलेल्या माणसांच्या नाना तऱ्हा त्यात वर्णिल्या आहेत. पहाटे उठणारा तो उद्योगी आणि दिवसा पेंगणारा तो आळशी, असा सोपा हिशेब पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. पेंगणाऱ्या माणसाच्या रात्री काय घडते, हा प्रश्न त्या हिशेबात कुठेच बसत नाही. तो माणूस आठ तास अंथरुणावर होता हे घरातल्या सर्वांनी पाहिलेले असते, आणि नेमका हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरतो.

आपल्या परंपरेत दुसराही एक विचार होता, हे मात्र विसरून चालणार नाही. चरकसंहितेने आहार व ब्रह्मचर्य यांच्या जोडीला निद्रेला शरीराचा उपस्तंभ मानले. त्याच ग्रंथाच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल आणि अतिकृश माणसांच्या विवेचनालगतच निद्रेचे विवेचन येते. शरीराची ठेवण आणि झोप यांचा संबंध वैद्यांच्या ध्यानात आला होता, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. पण वैद्यांचा हा विचार ग्रंथात राहिला आणि लोकव्यवहारात कुंभकर्णाचा उपहास तेवढा टिकला.

या उपहासाची किंमत आज फार मोठी झाली आहे. निद्राविकार ओळखण्याची साधने गेल्या साठ-सत्तर वर्षांत उपलब्ध झाली, त्यांतील काही तर विनामूल्य आहेत. तरीही बहुसंख्य रोगी निदानाविना आयुष्य काढतात. यंत्रांची व तज्ज्ञांची टंचाई हे त्याचे एक कारण झाले. त्याहून मोठे कारण असे की, आपल्याला दिवसा झोप आवरत नाही ही कबुली देणे माणसाला परवडत नाही. निदान स्वस्त होत गेले, कबुली महागच राहिली.

रात्रीचे मोजमाप

पोट दुखले तर ते रोग्याला कळते. ताप आला तर तापमापकावर दिसतो. निद्राविकारांत रोगी स्वतःच्या रोगाचा साक्षीदार नसतो, कारण रोग घडत असतो तेव्हा तो झोपलेला असतो. म्हणूनच या विकारांचे शास्त्र उशिरा जन्माला आले. जर्मनीतील हान्स बर्गर यांनी १९२९ साली मानवी मेंदूच्या विद्युत्-लहरींचे आलेखन प्रसिद्ध केले, तेव्हा झोपलेल्या मेंदूचे निरीक्षण करण्याचा मार्ग खुला झाला. पुढे १९५३ साली शिकागो विद्यापीठातील यूजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी झोपेच्या ठराविक टप्प्यांत बंद पापण्यांआड डोळ्यांची जलद हालचाल होते, असे दाखवून दिले. स्पष्ट स्वप्ने बहुधा याच टप्प्यात पडतात.

या शोधाने झोपेची जुनी कल्पना मोडीत निघाली. झोप म्हणजे दिवा मालवल्यासारखा अंधार नसून तिला एक निश्चित रचना आहे. हलकी झोप, गाढ झोप आणि स्वप्नांची झोप यांचे सुमारे नव्वद मिनिटांचे आवर्तन रात्रीत चार-पाच वेळा पूर्ण होते. यातून व्यवहाराच्या दृष्टीने महत्त्वाचा निष्कर्ष निघतो, तो असा की, झोपेची लांबी पुरेशी असूनही तिची रचना उद्ध्वस्त झालेली असू शकते. आठ तास अंथरुणावर काढलेला माणूस सकाळी थकलेला उठतो, यात विसंगती काहीच नाही.

घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे

ही रचना मोडणारा सर्वांत प्रमुख विकार म्हणजे झोपेतील श्वासरोध. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात; ज्यांचा श्वासमार्ग मुळातच अरुंद असतो, त्यांच्या बाबतीत जीभ, टाळू आणि घशाच्या भिंती एकमेकींजवळ येऊन वाट चिंचोळी होते. त्या वाटेतून हवा जाताना होणारा आवाज म्हणजे घोरणे. वाट पूर्ण मिटली की आवाज थांबतो, छाती हवेसाठी धडपडत राहते, रक्तातील प्राणवायू घटतो आणि अखेर मेंदू क्षणभर जागा होऊन श्वास मोकळा करतो. मोठा घोरका येतो आणि चक्र पुन्हा सुरू होते. दहा सेकंद वा त्याहून अधिक काळ श्वास थांबला तर त्याची गणना एक श्वासरोध अशी होते. तासाला असे वा श्वास बराच मंदावल्याचे पाच ते पंधरा प्रसंग घडले तर विकार सौम्य, पंधरा ते तीस असतील तर मध्यम आणि तीसच्या वर गेले तर तीव्र मानतात. तीव्र विकार असलेला माणूस रात्रीतून दोनशे-अडीचशे वेळा गुदमरून अर्धवट जागा झालेला असतो, आणि सकाळी त्याला त्यातले एकही जागेपण आठवत नाही.

१९६५ साली फ्रान्स व जर्मनीतील संशोधकांनी स्वतंत्रपणे या प्रकाराची नोंद केली आणि १९७६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील ख्रिश्चन गिलेमिनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला श्वासरोधाचा स्वतंत्र विकार म्हणून मांडले. त्या काळी तीव्र विकारावर श्वासनलिकेला बाहेरून छिद्र पाडण्याची शस्त्रक्रिया हाच खात्रीचा उपाय होता. १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी नाकावर मुखवटा बसवून सौम्य दाबाची हवा सतत आत सोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. हवेच्या दाबाने घसा उघडा राहतो, एवढेच तिचे साधे तत्त्व. आजही मध्यम व तीव्र विकारावर तीच प्रमुख उपचारपद्धती आहे.

हा विकार किती पसरलेला आहे, याचे पहिले भरवशाचे उत्तर १९९३ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातून आले. पाहणीसाठी निवडलेली माणसे त्या राज्याचे नोकर होती, हे कारकून आणि शिक्षक वाचकांनी विशेष लक्षात घ्यावे. तीस ते साठ वयाच्या ६०२ कर्मचाऱ्यांची रात्रभर तपासणी केली असता २४ टक्के पुरुषांत आणि ९ टक्के स्त्रियांत तासाला पाच वा अधिक अडथळे आढळले. त्यांच्या जोडीला दिवसाची अनावर झोपही असणाऱ्यांचे प्रमाण पुरुषांत ४ व स्त्रियांत २ टक्के निघाले. मुंबईत हिंदुजा रुग्णालयाच्या डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या निरोगी समजल्या जाणाऱ्या शहरी पुरुषांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध केला. त्यात झोपेतील श्वसनदोषाचे प्रमाण १९.५ टक्के आणि दिवसाच्या झोपेसह पूर्ण विकाराचे प्रमाण ७.५ टक्के आढळले. ही माणसे झोपेची तक्रार घेऊन आलेली नव्हती. नेहमीच्या आरोग्यतपासणीसाठी आली होती.

तेव्हा घोरणाऱ्या माणसाला ‘काय गाढ झोपला आहे’ असे म्हणणे हा मोठा भ्रम होय. मध्येच शांतता पडून पुन्हा एकदम घोरका येत असेल, तर तो माणूस झोपेचा उपभोग घेत नसून श्वासासाठी झगडत असतो. औषधांना दाद न देणारा रक्तदाब, सकाळची डोकेदुखी, रात्री वारंवार लघवीला उठावे लागणे, चिडचिड, विस्मरण यांच्या मुळाशीही अनेकदा हाच झगडा असतो. हा विकार केवळ लठ्ठ माणसांचा आहे, हीही समजूत अपुरी आहे. लठ्ठपणाने धोका वाढतो हे खरे. पण लहान वा मागे सरलेला जबडा असलेल्या सडपातळ माणसालाही तो होतो आणि आशियाई लोकांत तुलनेने कमी वजनातही दिसून येतो.

एक लक्षण, अनेक कारणे

दिवसा येणारी झोप वा रात्री न येणारी झोप ही लक्षणे आहेत. त्यांमागचे विकार निरनिराळे असतात आणि प्रत्येकाला समाजाने एकेक चुकीचे नाव देऊन ठेवले आहे. संध्याकाळी पाठ टेकताच पायांत मुंग्या वा ओढ जाणवून पाय हलवत राहावेसे वाटणे, हे अस्वस्थ पायांच्या विकाराचे लक्षण होय. सतराव्या शतकात इंग्रज वैद्य थॉमस विलिस यांनी त्याचे वर्णन केले आहे. घरोघरच्या स्त्रिया त्याला ‘पायात गोळे’ किंवा ‘दिवसभराची दगदग’ म्हणून गप्प बसतात. लोहाची कमतरता हे त्याचे एक महत्त्वाचे कारण आहे आणि २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, हे लक्षात घेतले म्हणजे या दुखण्याची व्याप्ती कळते. शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिनची रक्तचाचणी झोपेच्या तपासणीपेक्षा पुष्कळच स्वस्त असते.

नार्कोलेप्सी हा विकार तुलनेने विरळ. पण तो बहुधा विद्यार्थिदशेतच सुरू होतो. जागेपण टिकवणारे एक रसायन मेंदूत तयार करणाऱ्या पेशी नष्ट झाल्यामुळे मुलाला भर वर्गात झोपेचा झटका येतो. काहींच्या बाबतीत जोराने हसू आले की गुडघ्यांतले बळच जाते. घरी त्याला बाहेरची बाधा म्हणतात आणि शाळेत निष्काळजीपणा. लहान मुलांत टॉन्सिल व नाकामागील ग्रंथी वाढून श्वासरोध होतो. अशी मुले दिवसा पेंगण्याऐवजी अनेकदा चुळबुळी, चिडखोर आणि अभ्यासात लक्ष न लागणारी दिसतात. वयात येणाऱ्या मुलामुलींचे शरीरातील घड्याळ मुळातच काहीसे पुढे सरकलेले असते. काहींत ते इतके सरकते की रात्री दोन-तीनपूर्वी झोप येणे अशक्य होते. त्यांना आपण उनाड म्हणतो.

स्त्रियांच्या बाबतीत तर निदानाची वाटच अडलेली आहे. झोपेतील श्वासरोधाचा पहिला साक्षीदार शेजारी झोपणारे माणूस असते आणि पुरुषाचे घोरणे ऐकत जागी राहणारी स्त्री ती साक्ष देऊ शकते. तिच्या स्वतःच्या झोपेला साक्षीदार बहुधा नसतोच, कारण घरात सर्वांच्या शेवटी ती झोपते आणि सर्वांच्या आधी उठते. शिवाय तिची तक्रार पेंगण्याची नसते. ती थकवा, डोकेदुखी, निद्रानाश किंवा उदासपणा यांच्या रूपाने येते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांतील श्वासरोधाचे प्रमाण वाढते, तरी त्या वयातील थकव्याची बोळवण एखाद्या शक्तिवर्धक औषधावर केली जाते.

परिस्थिती आणि विकार

अर्थात, प्रत्येक थकवा हा विकार नव्हे. पत्र्याखालची उष्णता, डास, रस्त्यावरचा गोंगाट, एका खोलीत झोपणारी सहा माणसे आणि पहाटेची लोकल गाठण्यासाठी चारला वाजणारा गजर, यांचे निदान रुग्णालयात व्हायचे नसते. या संदर्भात अर्थशास्त्रज्ञांनी चेन्नईत केलेला आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग उद्बोधक आहे. कमी उत्पन्न गटातील ४५२ प्रौढांच्या मनगटावर हालचाल मोजणारे साधन बांधले असता, ही माणसे रात्री सुमारे आठ तास अंथरुणावर असूनही प्रत्यक्षात साडेपाच तासच झोपतात, असे दिसले. रात्रीतून सरासरी एकतीस वेळा त्यांची झोप चाळवत होती. उपदेश, साधने आणि प्रोत्साहन देऊन रात्रीची झोप सत्तावीस मिनिटांनी वाढवली, तरी त्यांच्या कामात वा प्रकृतीत लक्षणीय फरक पडला नाही. मात्र कामाच्या जागी दुपारी अर्ध्या तासाच्या डुलकीची सोय केली, तेव्हा कामाचा वेळ थोडा घटूनही उत्पादकता, एकाग्रता आणि मनाची स्वस्थता वाढली.

या प्रयोगाचा बोध दुहेरी आहे. आपल्याकडील झोपेचा प्रश्न मोठ्या अंशी घराचा, वस्तीचा आणि कामाच्या पाळ्यांचा आहे. त्याला सरसकट रोगाचे नाव देऊन औषध विकणे चुकीचे ठरेल. दुसरीकडे, अंथरुणातील तास मोजून झोपेचा निवाडा करता येत नाही. म्हणून निदानाची पहिली पायरी म्हणजे परिस्थिती आणि विकार यांची फारकत करणे. सुटीच्या दिवसांत, शांत जागी, पुरेसा वेळ झोपूनही थकवा जात नसेल, तर विकाराची शंका घेणे रास्त होय.

निदानाची वाट

ही शंका पडताळण्यासाठी आरंभी कोणतेही यंत्र लागत नाही. दोन आठवडे रोज किती वाजता अंथरुणावर पडलो, झोप केव्हा लागली, किती वेळा जाग आली, केव्हा उठलो, चहा-तंबाखू-मद्य केव्हा घेतले आणि दिवसा कुठे डुलकी लागली, याची साधी टिपणवही ठेवली तरी डॉक्टरांचे निम्मे काम होते. घरातील माणसाने रात्रीचे घोरणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवले, तर रोग्याच्या इन्काराला जागा राहत नाही. मेलबर्नचे मरे जॉन्स यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेली प्रश्नावली जगभर वापरली जाते. वाचताना, सभेत बसलेले असताना, गाडीतून प्रवास करताना, जेवणानंतर शांत बसले असताना, अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याचा संभव किती, याला शून्य ते तीन गुण द्यायचे. चोवीसपैकी दहाहून अधिक गुण झाले तर दिवसाची झोप प्रमाणाबाहेर आहे, असे समजतात. टोरांटोच्या फ्रान्सेस चुंग व सहकाऱ्यांनी २००८ साली तयार केलेली दुसरी प्रश्नावली मोठ्याने घोरणे, थकवा, श्वास थांबल्याचे कुणी पाहणे, रक्तदाब, वजन, वय, गळ्याचा घेर आणि लिंग या आठ बाबी विचारते. शिंप्याची फीत आणि वजनकाटा यांपलीकडे तिला काही लागत नाही. अशा प्रश्नावल्यांनी निदान होत नसते. पुढील तपासणी कुणाची करावी, एवढे मात्र त्यांवरून ठरवता येते.

यानंतर नेहमीच्या डॉक्टरांकडे जाताना ‘झोप नीट लागत नाही’ असे मोघम न सांगता टिपणवही आणि शेजारी झोपणारे माणूस दोन्ही बरोबर नेणे हिताचे. घोरणे व श्वासरोध असेल तर छातीविकारतज्ज्ञ वा कान-नाक-घसातज्ज्ञ, झोपेचे झटके वा झोपेतील विचित्र हालचाली असतील तर मेंदूविकारतज्ज्ञ आणि दीर्घ निद्रानाश असेल तर मनोविकारतज्ज्ञ, अशी सर्वसाधारण विभागणी आहे. तपासणीचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिल्यात रोगी एक रात्र प्रयोगशाळेत झोपतो आणि मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल, हनुवटीचे व पायांचे स्नायू, नाकातील हवेचा प्रवाह, छाती-पोटाची हालचाल, हृदयाची गती व प्राणवायू यांची एकाच वेळी नोंद होते. दुसऱ्यात लहानसे उपकरण घरी नेऊन आपल्याच अंथरुणावर झोपायचे असते. श्वासरोधाची दाट शंका असलेल्या आणि अन्य गंभीर आजार नसलेल्या प्रौढाला ही घरची तपासणी सहसा पुरते व ती स्वस्तही पडते. मात्र ती निर्दोष आली आणि लक्षणे कायम राहिली, तर प्रयोगशाळेतील तपासणी टाळू नये. नार्कोलेप्सीसाठी तर रात्रीच्या तपासणीनंतर दुसऱ्या दिवशी दोन-दोन तासांच्या अंतराने डुलक्या घ्यायला लावून झोप किती लवकर लागते, हे मोजावे लागते.

गोळीचा आडमार्ग

ही वाट सोडून बहुतेक लोक आडमार्ग धरतात, तो गोळीचा. झोप येत नाही म्हटले की कुणी तरी दिलेली गोळी चालू होते आणि वर्षानुवर्षे चालू राहते. अशा अनेक औषधांचा समावेश भारत सरकारने ‘एच-१’ या परिशिष्टात केला असून मार्च २०१४ पासून त्यांची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून करता येत नाही व प्रत्येक विक्रीची वेगळी नोंद दुकानदाराला ठेवावी लागते. या निर्बंधामागे कारण आहे. या गोळ्यांची सवय जडते, वृद्धांत पडण्याचा धोका वाढतो. आणि ज्याच्या झोपमोडीचे मूळ श्वासरोधात आहे त्याचा घसा काही गोळ्यांनी व मद्याने अधिकच सैल पडतो. निदान न करता दिलेली गोळी मेंदूचा इशारा दाबून टाकण्याचा संभव असतो.

आठवड्यातून तीन वा अधिक रात्री, तीन महिन्यांहून अधिक काळ झोप न लागणे याला दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. त्यावर पहिला उपचार सवयींच्या व विचारांच्या शिस्तबद्ध पुनर्रचनेचा असावा, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ साली केली. झोप येईल तेव्हाच अंथरुणावर जायचे, जाग आली की पडून न राहता उठायचे, उठण्याची वेळ रोज एकच ठेवायची, अंथरुणावरील तास आरंभी मुद्दाम घटवायचे, असे तिचे स्वरूप आहे. काही आठवडे चिकाटी लागते. पण गोळी सोडल्यावर परतणारा निद्रानाश या मार्गाने अधिक टिकाऊपणे आटोक्यात येतो. असे मार्गदर्शन करणारी माणसे आपल्याकडे फार थोडी आहेत.

किंमत कोण मोजतो?

अर्थशास्त्राने झोपेकडे बराच काळ दुर्लक्ष केले. दिवसाच्या चोवीस तासांतून झोपेचे आठ तास वजा करून उरलेल्या वेळाची काम आणि विरंगुळा अशी वाटणी करण्याची प्रथा होती. झोपेचा वेळही मिळकतीनुसार कमीअधिक होतो, असे जेफ बिडल आणि डॅनियल हॅमरमेश यांनी १९९० साली दाखवले. अपुऱ्या झोपेमुळे अमेरिकेचे वर्षाला ४११ अब्ज डॉलरपर्यंत नुकसान होत असावे, असा अंदाज रँड या संस्थेने २०१६ साली मांडला. अशा ढोबळ आकड्यांपेक्षा नुकसान कुणाच्या खात्यावर पडते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

न्यूयॉर्कमध्ये १ डिसेंबर २०१३ रोजी सकाळी एक उपनगरी गाडी वळणावर रुळांवरून घसरली. त्या वळणावर ताशी सुमारे ४८ किलोमीटरची मर्यादा होती. गाडीचा वेग १३२ किलोमीटरच्या आसपास होता. चार प्रवासी मृत्यू पावले. चालकाला तीव्र श्वासरोध होता, तो कधी तपासला गेलेला नव्हता आणि थोड्याच दिवसांपूर्वी त्याची पाळी बदललेली होती, असे चौकशीत निष्पन्न झाले. निदान न झाल्याची किंमत रोग्याने एकट्याने मोजलेली नव्हती. तरीही रेल्वे व मालमोटारींच्या चालकांची श्वासरोधाविषयी तपासणी सक्तीची करण्याचा प्रस्ताव अमेरिकन सरकारने २०१७ साली मागे घेतला.

आपल्याकडे वाहन परवान्याच्या नमुन्यात अपस्मार, भोवळ, दृष्टी, रातांधळेपणा यांची विचारणा होते. झोपेची स्वतंत्रपणे होत नाही. मोटार वाहतूक कामगार अधिनियम १९६१ सालचा होता आणि त्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती. पण कामाचे तास मोजणाऱ्या कायद्याला विश्रांतीची प्रत मोजता येत नाही. मुक्कामी गाडी घेऊन गेलेला एसटीचा चालक रात्र कशी काढतो, किंवा मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाच्या ७०१ किलोमीटर एकसुरी रस्त्यावर रात्रभर मालमोटार चालवणारा माणूस आदल्या दिवशी किती झोपला, याची नोंद कुठेच नसते. अपघातानंतर मात्र ‘चालकाला डुलकी लागली’ एवढ्या एका वाक्यात चौकशी आणि निकाल दोन्ही उरकले जातात.

चालकाने स्वतःहून का सांगू नये, असा प्रश्न विचारला जाईल. आपल्याला झोप आवरत नाही हे त्याला ठाऊक असते, मालकाला नसते. आणि सांगितले तर स्टीअरिंगवरून काढले जाण्याची भीती असते. माहिती लपवण्यातच ज्याचे हित आहे, त्याच्याकडून माहितीची अपेक्षा करणे हे अर्थशास्त्राच्या प्राथमिक नियमालाही धरून नाही. म्हणून सक्तीच्या तपासणीआधी नोकरीचे संरक्षण हवे. ब्रिटनमध्ये दिवसाच्या अतिझोपेसह श्वासरोध असलेल्या चालकाने परवाना खात्याला कळवणे बंधनकारक आहे. पण उपचाराने लक्षणे आटोक्यात आली की त्याला पुन्हा गाडी चालवता येते. आपल्याकडील महामंडळांनी हाच मार्ग धरावा. वार्षिक वैद्यकीय तपासणीत आठ प्रश्न आणि गळ्याचे माप घ्यावे. संशयितांची घरची तपासणी खर्चाने करून द्यावी. उपचार सुरू होईतो त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे आणि नंतर त्याला परत गाडीवर घ्यावे. हवेचा दाब देणारे यंत्र कनिष्ठ कर्मचाऱ्याच्या महिन्याच्या पगाराएवढे वा त्याहून महाग पडते. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेत त्याच्या प्रतिपूर्तीची तरतूद आहे. ती सवलत राज्याच्या व महामंडळांच्या कर्मचाऱ्यांपर्यंत पोचणे आवश्यक आहे. एका टळलेल्या अपघाताच्या तुलनेत हा खर्च क्षुल्लक ठरेल.

शासनाने करावयाचे ते शासन करील किंवा करणार नाही. शाळा, कचेरी आणि घर यांना मात्र थांबण्याचे कारण नाही. वर्गात पेंगणाऱ्या मुलाच्या पालकांना शिक्षकाने ‘तो रात्री घोरतो का, तोंडाने श्वास घेतो का’ एवढे विचारले, तर कदाचित एका शस्त्रक्रियेने त्या मुलाचे शिक्षण वाचेल. टेबलावर डोके टेकणाऱ्या कारकुनाला मेमो देण्यापूर्वी मुख्य लिपिकाने त्याला प्रकृती तपासून घेण्यास सांगितले, तर कामाचे काही अडणार नाही. आळशी माणसे जगात आहेतच आणि त्यांना आळशी म्हणण्याचा अधिकार कुणी काढून घेतलेला नाही. पण तो शिक्का तपासणीनंतर मारावयाचा असतो. आज तो आधीच मारला जातो आणि तपासणी कायमची राहून जाते.